चितळांचा पत्ता

३ जानेवारी २०२६
चौबे कॉलोनी, रायपूर

आज पौष पौर्णिमा, छेरछेरा, दारोदार धान मागायचा सण. सकाळपासून पोरं झोळ्या घेऊन दारात उभी. कॉलोनीत आता कुणाच्याच घरी धानाची कोठी नाही, तरी मी दरवर्षी थोडं धान आणून ठेवतेच. या दिवशी तांदूळ घालणं मला बरं वाटत नाही.

भाचा टेक्सासहून आलाय. सान अँतोनिओत नोकरीला आहे. जेवताना त्यानं विचारलं, "मावशी, तुमच्याकडे हरणाची चांगली शिकार कुठे मिळते गं?" मी म्हटलं, "कुठेच नाही. मागायचीही नसते." तो गोंधळला. तिकडे सुटीच्या दिवशी ऑफिसातल्या मित्रांबरोबर रँचवर जातो म्हणाला, रीतसर परवाना काढून. मोबाइलवर फोटो दाखवला. गवतात आडवं पडलेलं जनावर, तांबूस अंगावर पांढरे ठिपके, तीन फाट्यांची लांब शिंगं. त्याचे मित्र त्याला 'ॲक्सिस' म्हणतात. मी फोटो पाहताक्षणी ओळखलं, ते आपलं चितळ होतं. रायपूरचा मुलगा चितळ मारायला टेक्सासला जातो! ही गोष्ट आधी त्याला नीट सांगायला हवी.

४ जानेवारी

चितळ मूळचं भारत, श्रीलंका, नेपाळ या भागातलं. टेक्सासमध्ये ते १९३२ साली नेऊन सोडलं. त्याच्या आधी, १८६७-६८च्या सुमारास, हवाईच्या राजाला भेट म्हणून काही चितळं मोलोकाई बेटावर पोचली होती. अंदमानातही इंग्रजांनी सोडली. जिथे जिथे गेली तिथे वाढली, आणि त्याचं कारण सरळ आहे. चितळ गवत खातं, गवत संपलं की पाला खातं. त्याच्या विणीला ठरावीक हंगाम नाही, पाडसं वर्षभर दिसतात. इकडे त्याच्या मागे वाघ, बिबट्या, रानकुत्रे असतात, तिकडे यातलं कुणीच नाही. हवाईत तर त्यांनी डोंगरउतारावरची झाडी खाऊन माती उघडी पाडली आहे. टेक्सासच्या एडवर्ड्स पठारावर ते परकं जनावर म्हणून धरलं जातं, त्यामुळे खासगी जमिनीवर त्याला बंदीचा मोसम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. आपला काळवीटही तिथे त्याच सुमारास गेला आणि रुजला.

म्हणजे चितळाची शिकार कुठे मिळते, याचं खरं उत्तर भाच्याच्या घरापासून तास-दीड तासावर आहे. त्याला हे मुळीच माहीत नव्हतं. परदेशातून आलेलं जनावर एवढंच त्याला ठाऊक. ते आपल्या आजोळच्या रानातलं आहे हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता.

५ जानेवारी

बाबांची पत्र्याची पेटी काढली. त्यांच्या जुन्या परवान्यांचे कागद अजून आहेत. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, बदल्या सगळ्या छत्तीसगडात. त्या काळी वनखात्यानं जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असत. अर्ज करायचा, फी भरायची, पंधरा दिवसांसाठी एक ब्लॉक आपल्या नावावर होई. चितळ किती, सांबर किती, ते परवान्यावर लिहून येई. मादी मारायची नाही, रात्री मोटारीच्या दिव्यात मारायचं नाही, पाणवठ्यावर दबा धरायचा नाही. बाबा हे नियम आम्हा मुलांना पाढ्यासारखे म्हणून दाखवत.

भाच्याला वाटत होतं, इकडे शिकार म्हणजे राजेरजवाड्यांचीच. राजे होतेच. पण पन्नास-साठच्या दशकांत हा चांगला चालणारा धंदाही होता, आणि त्यातलं एक मोठं नाव रायपूरचं आहे. पंडित रविशंकर शुक्लांचे चिरंजीव विद्याचरण शुक्ल १९५१ साली नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि त्यांनी 'ऑल्विन कूपर लिमिटेड' ही कंपनी काढली. मध्य भारतातल्या जंगलात पाहुण्यांना शिकारीला आणि छायाचित्रणाला नेणं हे तिचं काम. १९५७ साली ते लोकसभेवर गेले, पुढे केंद्रात मंत्री झाले. मे २०१३मध्ये बस्तरात झीरम घाटीच्या हल्ल्यात ते जखमी झाले आणि जूनमध्ये गेले. रायपुरात त्यांना राजकारणासाठी ओळखतात, पण आमच्या लहानपणी मोठी माणसं बोलत ती तंबूंबद्दल, हाकेवाल्यांबद्दल आणि परदेशी पाहुण्यांबद्दल. त्या वेळी दूरदेशीच्या शिकाऱ्यानं भाच्याचाच प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळालं असतं: मध्य प्रदेशात या.

६ जानेवारी

त्या काळाबद्दल गोड बोलायचा मोह होतो. पेटीतल्या फोटोंत सगळे हसताना दिसतात. पण हिशोब पाहिला की हसू उरत नाही.

कान्हा इथून फार लांब नाही. तिथला बारशिंगा कडक जमिनीवर राहणारा, एके काळी जगात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या टापूत त्याचे मोठे कळप होते. १९७० साली मोजले तेव्हा ६६ उरले होते. जॉर्ज शॅलर नावाचा तरुण अभ्यासक १९६३ ते ६५ कान्ह्यात राहिला, त्यानं हरणं आणि वाघ यांच्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यातून जगाला कळलं की वाघाचं पोट हरणांवर आहे. एका वाघाला वर्षाला हरणाच्या आकाराची साधारण पन्नास जनावरं लागतात. एक वाघ राहायचा तर त्याच्याभोवती चारपाचशे जनावरं नांदती असली पाहिजेत.

आपल्याकडच्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ साली रामगडच्या रानात एका रात्रीत तीन चित्ते मारले. भारतातले ते शेवटचे मानले जातात. १९५२ साली चित्ता संपल्याचं जाहीर झालं. चित्त्यांबद्दल सगळे हळहळतात. ते ज्यांच्यावर जगत त्या काळविटांचे आणि चिंकाऱ्यांचे कळपही आधीच विरळ झाले होते, याची मात्र कुणी नोंद घेत नाही.

बाबा सांगत, परवानेवाल्या शिकाऱ्यानं जंगल संपवलं नाही. महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या जीपगाड्या, स्वातंत्र्यानंतर पीक राखायला सढळ हातानं वाटलेल्या बंदुका आणि रात्रीचा झोतदिवा, या तिघांनी संपवलं. मला ते अर्धंच पटतं. परवान्यामुळे बंदूक प्रतिष्ठेची झाली, आणि ज्याच्याकडे परवाना नव्हता त्यानंही तीच प्रतिष्ठा रात्री मिळवली.

८ जानेवारी

भाचा वाद घालायला तयारीनं बसला होता, आणि त्याचा मुद्दा हलका नव्हता. अमेरिकेतही १९०० सालापर्यंत पांढऱ्या शेपटीचं हरीण मारून मारून जेमतेम तीन ते पाच लाखांवर आणलं होतं. आज ते तीन कोटींच्या आसपास आहे. १९३७ साली त्यांनी कायदा करून बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. त्या पैशातून जमिनी घेतल्या, हरणं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन सोडली, अभ्यासक नेमले. "शिकाऱ्याच्या पैशानं हरीण वाचलं, मावशी. तुम्ही नुसती बंदी घातली."

मी त्याचं म्हणणं खोडून काढलं नाही, कारण ते खरं आहे. पण त्याला दोन गोष्टी सांगितल्या. तिथल्या बहुतेक राज्यांत हरणाला खाणारं जनावर माणसानंच आधी संपवलं, त्यामुळे आता माणसानं हरणं कमी केली नाहीत तर ती शेतं आणि रोपवनं खातात. आपल्याकडे खाणारे अजून आहेत आणि तेच उपाशी आहेत. दुसरं, टेक्सासची जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे. मालक कुंपण घालतो, मका टाकतो, शिकाऱ्याकडून पैसे घेतो, म्हणून हरीण राखण्यात त्याचं हित असतं. इथे जंगल सरकारचं, त्याच्या पोटात गावं आणि शेतं, हरीण कुणाच्याच मालकीचं नाही. शिकारीचा पैसा इथे ज्याच्या शेतातून हरीण गेलं त्याच्या हातात कधी पडला नाही. तो पडला कंपन्यांच्या आणि तिजोरीच्या हातात.

बंदीही एका दिवसात आली नाही. वाघाची शिकार १९७०मध्ये बंद झाली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून काही जनावरं मारण्याची सोय होती, चितळ त्यात होतं. १९९१च्या दुरुस्तीनं ती सोय काढून टाकली आणि दार पूर्ण मिटलं. ते मिटायला हवंच होतं, असं माझं ठाम मत आहे.

१० जानेवारी

बारनवापाऱ्याला जाऊन आलो. भाच्याला म्हटलं होतं, चितळ बघायचंय ना, चल, त्याच्या घरी जाऊ. पहाटे निघालो, आरंग ओलांडलं, महानदीचा पूल, मग पटेवाहून आत वळलो. भाताची कापणी कधीच झालेली, धसकटांत लाखोळी हिरवीगार. बार आणि नवापारा या दोन गावांवरून अभयारण्याचं नाव पडलं. १९७६ साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २४५ चौरस किलोमीटर. एका बाजूला बालमदेही, दुसऱ्या बाजूला जोंक नदी. साल, साग, बांबू, मोह, तेंदू. जवळच तुरतुरिया आहे, जिथे वाल्मीकींचा आश्रम होता असं लोक मानतात.

जिप्सीत बसलो तेव्हा धुकं होतं. आधी ऐकू आली ती चितळाची धोक्याची हाक, तीक्ष्ण, एकच सूर. वाटाड्या म्हणाला बिबट्या असेल. गाडी थांबवली. झाडाखाली सात-आठ माद्या एका दिशेला माना करून उभ्या, एक नर पुढचा पाय आपटत होता. बिबट्या दिसला नाही. भाच्यानं कॅमेरा उचललाच नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "रँचवर ती अशी उभी राहात नाहीत. मक्याच्या डब्यापाशी येतात आणि खात राहतात." एवढंच बोलला.

पुढे माळावर काळवीट पाहिले. या रानातून काळवीट सत्तरच्या दशकाच्या सुमारास संपलं होतं. २०१८च्या योजनेनंतर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातून आणि बिलासपूरच्या कानन पेंडारीतून काही आणले, आधी कुंपणात वाढवले, मग थोडे थोडे मोकळे सोडले. काळाभोर नर उड्या घेत धावताना पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एक जनावर संपवायला आपल्याला वीस-पंचवीस वर्षं पुरली. परत आणायला प्रयोगशाळा, पिंजरे, डॉक्टर, कोट्यवधी रुपये आणि मरतुकीची वर्षं लागली, आणि अजून ते काम संपलेलं नाही.

कोटरी, म्हणजे आपलं भेकर, एकच दिसलं, क्षणभर. सांबर दिसलं नाही. गवा लांबून.

वाटाड्यानं २०२४ सालचा वाघ सांगितला. कुठून तरी चालत आला आणि काही महिने इथेच राहिला. शेवटी कसडोलच्या वस्तीत शिरला तेव्हा बेशुद्ध करून उत्तरेला गुरु घासीदास-तमोर पिंगलाच्या जंगलात नेऊन सोडला. वाघ इथे राहू शकतो, हे त्या एका वाघानं दाखवून दिलं. छत्तीसगडात २०१४च्या गणनेत ४६ वाघ होते, २०१८मध्ये १९, २०२२मध्ये १७. जंगलाचं क्षेत्र आपल्याकडे देशात वरच्या क्रमांकावर, पण त्या जंगलात खाणं नाही. हिरवं दिसतं आणि आत रिकामं असतं.

११ जानेवारी

कालचं एक राहिलं. परतताना वाटाड्याच्या घरी चहा घेतला. त्याचं शेत रानाच्या कडेला. लाखोळीत चितळांचे खूर उमटलेले, वाफेच्या वाफे खाल्लेले. मी नुकसानभरपाईचं विचारलं. मिळते, पण अर्ज, पंचनामा, फेऱ्या आणि वाट पाहणं. तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. त्याला चितळं नकोत असंही नाही, जिप्सीवरचा रोजगार त्यांच्यामुळेच आहे. पण ज्याचा शेजारी जिप्सीवर नाही, त्याच्या शेतातही तीच चितळं शिरतात.

आणि मग तारेचा विषय निघाला. आता इकडे कुणी हरणामागे बंदूक घेऊन फिरत नाही. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर बांबूनं आकडा टाकायचा, उघडी तार लाकडी खुंट्यांवर गुडघाभर उंचीवर ताणायची, पाण्याच्या वाटेवर रात्रभर सोडायची, उजाडायच्या आत गुंडाळायची. रानडुकरासाठी लावतात, त्यात चितळ, बिबट्या, हत्ती, गाईगुरं आणि माणसंही मरतात. छत्तीसगडात अशा तारेनं हत्ती मेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की चितळं गावाकडे येतात, तेव्हा गावकुत्री त्यांना फाडतात.

भाच्यानं विचारलं, बंदी इतकी वर्षं आहे तर हरणं का वाढली नाहीत? हे त्याचं उत्तर. कायद्यानं परवाना थांबवला. तार थांबवायला कायदा पुरत नाही, त्याला शेजारी लागतो.

१४ जानेवारी

संक्रांत. संध्याकाळी महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकू. इथल्या मंडळाचं मला एक आवडतं, चार पिढ्या छत्तीसगडात काढलेली माणसं अजून नागपूर-कोल्हापूरच्या गोष्टी कालच्यासारख्या सांगतात. एका कोल्हापूरकडच्या आजींनी चित्तेवानांचं सांगितलं. संस्थानात चित्ते पाळत, आफ्रिकेतूनही मागवत, डोळ्यांवर टोपडं घालून छकड्यातून माळावर नेत, काळवीट दिसला की टोपडं काढत. त्यांच्या सासऱ्यांनी ते पाहिलं होतं. त्याच संस्थानचं दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ साली राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं.

तिथेच एकीनं हळूच विचारलं, "होळीला गावाकडून रानाचं मटण येतं, तुम्हाला हवं का?" सुशिक्षित बाई, चांगल्या घरची. त्यात वाईट काही असतं असं तिला वाटलंच नव्हतं, पूर्वी सगळ्यांकडे येई. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. तारेचं सांगितलं. ती ऐकत राहिली.

माडगूळकरांची आठवण झाली. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन हिंडत. पुढे त्यांनी ती ठेवून दिली आणि नागझिऱ्याला जाऊन बसले, बघत आणि चित्रं काढत. तो माणूस शिकाऱ्याचा डोळा घेऊनच रानात गेला होता, म्हणून इतकं दिसलं. शिकारी म्हणजे रानाचा शत्रूच, असं मी म्हणूनच कधी मानत नाही. पाऊलखूण वाचणं, वारा ओळखणं, तासन् तास न हलता बसणं ही विद्या आहे, आणि ती वापरायला मारावं लागत नाही.

१६ जानेवारी

बाबांच्या खोलीतल्या भिंतीवर काळविटाचं मुंडकं आहे. साठच्या दशकात बलौदाबाजारकडच्या भाठ्यावर, म्हणजे माळावर, मारलेला. काळवीट १९७२च्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत गेला तेव्हा बाबांनी ते रीतसर जाहीर करून मालकीचा दाखला घेतला होता. ते गेल्यावर वारस म्हणून नव्वद दिवसांत माझी नोंद केली. असं मुंडकं विकता येत नाही, भेट देता येत नाही, वारशानंच काय ते जातं.

२०२२च्या दुरुस्तीत स्वखुशीनं वनखात्याकडे जमा करण्याची तरतूद आली आहे. मोबदला मिळत नाही, वस्तू सरकारची होते. भाच्याला विचारलं, माझ्यानंतर तुला हवं का? म्हणाला, "नको मावशी. बारनवापाऱ्यात पळताना पाहिला ना." आज अर्ज लिहून झाला. सोबत बाबांच्या दाखल्याची प्रत लावली.

१८ जानेवारी

भाचा रात्रीच्या विमानानं जातोय. शिकार सोडणार का, हे मी विचारलं नाही. त्याच्या देशात त्याच्या कायद्यानं ते चालतं, आणि तिकडे चितळं कमी करावीच लागतात. त्यानं आपणहून एवढंच म्हटलं की पुढच्या वर्षी मुलीला घेऊन येईन, नोव्हेंबरनंतर, रान उघडल्यावर.

ही पानं मंडळाच्या अंकासाठी देते आहे, म्हणून वाचणाऱ्यांना थेट सांगते. रायपूर, महासमुंद, बलौदाबाजारकडे आपल्यापैकी कित्येकांची शेती आहे, नातीगोती आहेत. रानाचं मटण कुणीही, कितीही प्रेमानं दिलं तरी घेऊ नका. शेताच्या कडेला खुंट्यांवर ताणलेली उघडी तार दिसली तर हात लावू नका, लगेच वीज कंपनीला आणि जवळच्या वनचौकीला कळवा. ज्यांच्या शेतात चितळं शिरतात त्यांचा भरपाईचा अर्ज लिहायला बसा, आपल्याला लिहिता येतं. आणि ज्यांच्या घरात शिंगं-मुंडकी आहेत त्यांनी आधी दाखला आहे का ते पाहा.